मॅचलेसचे दोन वाटे

सहदेव परबाच्या घरी एक मोटरसायकल होती, पण तिला इंजिन नव्हतं. लालबागची खोली सुटली, मग काही महिने गावी काढले, मग कांदिवलीला भाड्याची खोली झाली आणि सत्याऐंशी साली चारकोपच्या सेक्टरमध्ये स्वतःचं बैठं घर मिळालं. दर वेळी भांडी, ट्रंका आणि देव्हाऱ्याबरोबर ही गाडीही टेम्पोत चढायची. दोन चाकं, लोखंडी सांगाडा आणि मध्ये भलंमोठं भगदाड. सहदेवच्या बायकोने, सुगंधाने, तिचा आपल्यापुरता उपयोग शोधून काढला होता. पावसाळ्यात गोधड्या वाळत घालायला तिच्याइतकी मजबूत दांडी घरात दुसरी नव्हती.

कोणी विचारलं तर सहदेव सांगायचा, इंजिन दुरुस्तीला दिलंय. सुगंधा तेवढ्यापुरती आत निघून जायची.

इंजिन धोंडिराम गावड्याकडे होतं. आणि ते दुरुस्तीला गेलेलं नव्हतं, वाटणीत गेलेलं होतं.

सहदेव आणि धोंडिराम दोघेही मालवणकडचे. एकाच गिरणीच्या वर्कशॉपात सहदेव लेथवर टर्नर आणि धोंडिराम फिटर. लग्नाआधी दोघे एकाच गाळ्यात पथारी टाकून राहायचे. सदुसष्ट साली गिरणीतल्या एका साहेबाने आपली जुनी मोटरसायकल विकायला काढली. लढाईत मिलिटरीने वापरलेली, मॅचलेस कंपनीची, मागच्या चाकाला स्प्रिंगसुद्धा नसलेली. या दोघांनी ती मिळून घेतली. त्याच साहेबाच्या केबिनमध्ये एक इंग्रजी मासिक होतं आणि त्यात एका गाडीचं चित्र होतं. हँडल खाली, जवळजवळ पुढच्या चाकाला टेकलेलं. टाकी लांबट. बसायला एकाच माणसापुरती जागा आणि तिच्या मागे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. पाय ठेवायचे दांडे पार मागे. वरचा गोरा पोरगा टाकीवर आडवाच झालेला. धोंडिराम मॅट्रिकपर्यंत शिकलेला, त्याने खालची अक्षरं वाचली, कॅफे रेसर. तिकडची पोरं एका हॉटेलात चहा पितात आणि दुसऱ्या हॉटेलापर्यंत शर्यत लावतात, अशा गाड्यांवर. म्हणजे आपल्याकडे इराणी ते इराणी, सहदेव म्हणाला, आणि दोघे पोट धरून हसले. पण चित्र डोक्यात बसलं. आपली मॅचलेस एक दिवस अशी करायची, असं ठरलं. मग लग्नं झाली, पोरं झाली, एकाच चाळीत शेजारशेजारच्या खोल्या झाल्या, आणि तो एक दिवस पुढे पुढे जात राहिला.

ब्याऐंशीला संप झाला. पहिलं वर्ष दोघे खांद्याला खांदा लावून होते. मोर्चा, सभा, गावाहून आलेले तांदूळ वाटून घेणं, सगळं बरोबर. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी धोंडिराम डबा घेऊन निघाला आणि पोलिसांच्या बंदोबस्तातून गिरणीच्या गेटात शिरला. आदल्या रात्रीपर्यंत त्याने सहदेवला एक शब्द सांगितला नव्हता.

त्या संध्याकाळी सहदेवने भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं सुगंधाला पुढे कितीतरी वेळा वाटलं. तो पाने घेऊन चाळीच्या अंगणात उतरला आणि गाडी खोलायला बसला. पोरं जमली, बायका गॅलरीत आल्या. कोणाला वाटलं दुरुस्ती चाललीय. दिवेलागणीला इंजिन सुटं झालं. सहदेव ते छातीशी धरून जिना चढला, त्याने ते धोंडिरामच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "ह्या तुझा. सांगाडो माझो. आता तुझा माझा काय उरला नाय."

धोंडिराम दारात उभा होता. त्याने इंजिनाकडे पाहिलं, सहदेवकडे पाहिलं आणि इंजिन आत ओढून घेतलं.

सहदेवला गिरणीत परत घेतलं नाहीच. दोन वर्षांनी वर्कशॉप बंद पडलं तेव्हा धोंडिरामही बाहेर फेकला गेला. तो घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहायला गेल्याचं गावच्या कोणीतरी सांगितलं. सहदेवने ऐकून घेतलं. त्याला तोवर चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका कच्छी मालकाच्या गाळ्यात लेथवर काम मिळालं होतं. नळाचे कॉक आणि बुशिंग. हात चालत होते, पण ओठ मिटलेले असायचे. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत तेव्हा हा भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा. सुगंधाला नवऱ्याची काळजी वाटायची ती याचीच. पूर्वी हा माणूस जेवताना इतका बोलायचा, की भात गार व्हायचा.

नवीन घरात सामान लावून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून सांगाड्यासमोर उभी राहिली. म्हणाली, आता ही एकतर भंगारात जाईल, नाहीतर चालती होईल. गोधड्यांसाठी मी दोरी बांधून घेतलीय.

सहदेवला राग यायला हवा होता, पण आला नाही. दुसऱ्याच रविवारी तो कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेला आणि बुलेटचं एक जुनं इंजिन घेऊन आला. मालकाने सुट्टीच्या दिवशी गाळा वापरायला हरकत घेतली नाही. सहदेवने सांगाडा घासून गंज काढला, बाजारातलं इंजिन साखळीने उचलून मध्ये धरलं. बसेना. बोल्टाची भोकं जुळत नव्हती, आणि इंजिन धरायची सांगाड्याची मागची एक बेचकी आडवी येत होती. ती कापली आणि दुसरी पट्टी जोडली की काम भागणार होतं. तासाभराचं काम. त्याने हॅकसॉ घेतली, बेचकीवर पातं टेकवलं आणि एक ओढ घेतली. लोखंडावर पांढरी रेघ उठली.

तो थांबला. ही बेचकी एकदा कापली की मॅचलेसचं इंजिन या सांगाड्यात परत कधीच बसणार नव्हतं. तो बराच वेळ त्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिला. मग हॅकसॉ खिळ्याला अडकवली आणि घरी आला. सुगंधाने विचारलं, काय झालं. म्हणाला, इंजिन चुकीचं आणलंय.

पुढच्या रविवारी तो असल्फ्याची टेकडी चढला. विचारत विचारत खोली सापडली. धोंडिराम कामावर होता. एका सोसायटीत पाण्याच्या पंपांवर त्याला नोकरी होती. दारात कुंदा आली, धोंडिरामची बायको. चार वर्षांत केस पिकले होते. तिने "या भावजी" म्हटलं, ते कालच भेट झाल्यासारखं, आणि चहा टाकायला वळली. सहदेवने खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात देवाच्या फळीखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यावर हळदकुंकवाची बोटं होती आणि झेंडूची वाळलेली माळ.

"दसऱ्याला पूजा करतात," कुंदा म्हणाली. "पावसाच्या आधी तेल घालून फिरवून ठेवतात. मी म्हटलं, विकून टाका. दोन दिवस जेवले नाहीत."

सहदेवने चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

दुपारी धोंडिराम आला. चपला काढता काढता त्याने पाहुणा कोण ते ओळखलं, आणि एक चप्पल पायातच राहिली. सहदेव उगाच लांबण लावणारा माणूस नव्हता.

"चित्रातली गाडी करतंय," तो म्हणाला. "इंजिन व्हया."

धोंडिराम मोरीवर गेला, हातपाय धुतले, पंच्याने तोंड पुसत बाहेर आला. "इंजिन एकटा येवचा नाय," तो म्हणाला. "मीय येतलंय."

ते इंजिन दोघांनी टेकडीच्या पायऱ्यांवरून गोणपाटात झुलवत खाली आणलं. रिक्षावाला आधी तयार होईना. माणसं बसवतो, मशिनी नाही, म्हणाला. मग कुंदाने वरून आणलेलं जुनं पोतं सीटवर अंथरलं आणि तो नरमला. घाटकोपरपासून चारकोपपर्यंत इंजिन दोघांच्या मध्ये बसून आलं. खड्डा आला की दोघांचे हात एकदम त्याच्यावर पडायचे आणि एकदम मागे जायचे. वाटेत बोलणं झालं ते मॅग्नेटोबद्दल. ठिणगी अजून निळी पडते, धोंडिराम म्हणाला. रिंगा बदलाव्या लागतील. सहदेव म्हणाला, बघू.

तेव्हापासून सोसायटीतली सुट्टी रविवारची मागून घेऊन धोंडिराम दर रविवारी चारकोपला यायला लागला. दिवाळी होऊन गेली होती, हवा बरी होती, गाळ्याचं शटर अर्धं उघडून दोघे काम करायचे. मासिकाचं पान कधीच हरवलेलं, पण दोघांनाही चित्र पाठ होतं. अडचण एवढीच, की दोघांचं चित्र वेगळं होतं. सहदेव म्हणायचा टाकीला गुडघ्यांसाठी खोबणी होत्या, धोंडिराम म्हणायचा नव्हत्या. सहदेवने लेथवर पायाचे दांडे कातले आणि मागच्या चाकाजवळ बसवले. गियरची दांडी तिथवर नेण्यासाठी धोंडिरामने जोडकाम केलं. हँडल जुन्याच पाइपाचं, दोन तुकडे करून पुढच्या चाकाच्या दांड्यांना खाली आवळलेलं. टाकी धोंडिरामने पत्रा ठोकून केली, वाळूच्या पिशवीवर, लाकडी हातोड्याने, आठवड्यांमागून आठवडे. ती खोबणीवाली झाली.

सायलेन्सरच्या पाइपाला वळण द्यायचं तर आत वाळू ठासून, पाइप तापवून वाकवावा लागतो, नाहीतर तो पिचतो. वाळू मात्र खडखडीत कोरडी हवी; ओल राहिली तर वाफ होऊन पाइप फुटायचा. ती वाळू सुगंधाच्या कढईत भाजली गेली. तिला कळलं तेव्हा तिने कढई दोघांसमोर आपटली आणि विचारलं, उद्या यात कालवण करू की सिमेंट. धोंडिराम घाबरून उभा राहिला. आणि सहदेव हसला. चांगला मोठ्याने, मान मागे टाकून. सुगंधा रागातच घरी गेली, पण ओट्याशी उभी राहून तिने पदराने डोळे टिपले. किती वर्षांनी ऐकलं होतं तिने हे हसणं. मग तीच पुढे सीटला रेक्झिन शिवायला बसली. शिलाई मशीनच्या सुया मोडल्या, शेवटची शिवण तिने दाभणाने हाताने घातली.

सीटवरूनच एकदा फिसकटलं. धोंडिराम म्हणाला, गाडी दोघांची, मग सीट एकाची कशी? थोडी लांब करू, मागे माणूस बसेल. सहदेव म्हणाला, चित्रात एकाचीच होती, लांब केली तर ती साधी फटफटी होईल. धोंडिरामने दोन वेळा सांगून पाहिलं. मग म्हणाला, ठीक आहे, तुला हवी तशी कर, आणि उरलेला दिवस न बोलता चेनचे दुवे घासत बसला. सहदेवला ते टोचलं. पण सीट त्याने एकाचीच केली.

संपाबद्दल कोणीच काही काढत नव्हतं. इंजिन बसलं, त्याच जुन्या भोकांत, त्याच बोल्टांवर. बेचकीवरची हॅकसॉची रेघ धोंडिरामला दिसली. त्याने नुसतं सहदेवकडे पाहिलं आणि बोल्ट आवळला.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गाडी गाळ्याबाहेर आली. रंग काळा, टाकी नुसती घासलेली, चकचकीत पत्र्याची. धोंडिरामने किक मारली. तिसऱ्या की चौथ्या किकेला तिने जे तोंड उघडलं, त्याने शेजारच्या गाळ्यातला वॉचमन खाटेवरून उठून आला. दोघे तिच्याजवळ नुसते उभे राहिले. मग सहदेवने बाजूला होऊन हँडलाकडे हात केला.

"पयलो तू जा," तो म्हणाला. "गोराई खाडीच्या धक्क्यापर्यंत जा आणि ये."

धोंडिराम नको म्हणाला, मग बसला. पोट टाकीवर टेकलं, टक्कल पुढे. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा पंपवाला तो, पण कोपऱ्यावर वळताना असा झुकला, की सहदेवच्या तोंडून शिट्टी गेली. आवाज लांब लांब गेला आणि नाहीसा झाला.

धक्का काही फार लांब नव्हता. इतक्यात यायला हवा, असं सहदेवला वाटलं, तेव्हा त्याने चहा मागवला. चहा पिऊन झाला. दुसरा मागवला, तो तसाच राहिला. रस्त्यावर कान देऊन तो शटरपाशी बसला. पडला असेल का? ब्रेक आपण स्वतः बसवले होते. की पुढे गेला असेल मजेत, बोरिवलीपर्यंत? मग त्या बसण्यात, उन्हात, एक जुना विचार वर आला. हा असाच गेला होता. न सांगता, डबा घेऊन. गाडी आता पुरी झाली, इंजिनाला सांगाडा मिळाला. आता याला कशाला हवाय चारकोप. विचार आला आणि सहदेवला स्वतःची शिसारी आली, पण तो जाईना. शेवटी तो शटर ओढून चालायला लागला.

तिवरांच्या कडेने रस्ता सरळ खाडीकडे जातो. समोरून सायकलवर टोपली बांधलेला एक कोळी आला. त्याचं नाव लहू. पुढे चांगली ओळख झाली. सहदेवने काळी फटफटी पाहिलीस का विचारलं. त्याने पाय टेकला. मागं हाय ढकलीत, तो म्हणाला. हात लावू का विचारलं तर नको म्हणाला बाबा, माझी मी नेतो.

मग वळणापलीकडे धोंडिराम दिसला. घामाने भिजलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, खाली असलेल्या हँडलामुळे कमरेत वाकलेला, एकेक पाऊल टाकत गाडी ढकलत येत होता. चेन तुटली होती. तुटलेली चेन त्याने रुमालात गुंडाळून खिशात ठेवली होती.

सहदेव जवळ गेला. काही विचारायच्या आधी त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. कुठे ओरखडा नव्हता. धोंडिराम स्टँडवर गाडी लावून धापा टाकत उभा होता आणि सहदेवचा चेहरा वाचत होता.

"तुका वाटला ना," तो म्हणाला, "मी पळालंय म्हणान?"

खोटं बोलणं सोपं होतं. सहदेवने रस्त्याकडे पाहिलं.

"होय," तो म्हणाला. "वाटला."

"खरा बोललंस, बरा झाला."

दोघे रस्त्याच्या कठड्यावर टेकले. धोंडिरामने चेहरा पुसला. मग तो बोलायला लागला, सावकाश, अर्धं मालवणीत, अर्धं मुंबईच्या बोलीत. संपाच्या दुसऱ्या वर्षी कुंदा पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावर जायची. कोळंबी सोलायला. चाळीत सांगायची, बहिणीकडे जाते. दिवसभर बर्फात हात. घरी आली की बोटं वळायची नाहीत. नखांच्या कडा कुजल्या होत्या. भाकरी थापता येईना म्हणून पीठ तो मळायचा, दार लावून. एका संध्याकाळी तिने पोरीची वेणी घालायला घेतली आणि केसांचे पेड तिच्या हातात धरलेच जाईनात. ती हसली आणि पोरीला म्हणाली, आज मोकळेच राहू देत. "दुसऱ्या दिवशी मी डबा घेतला," धोंडिराम म्हणाला. "मला संप कळत नव्हता असं नाही रे. हात बघवेनात."

शेजारशेजारच्या खोल्या होत्या. मधली भिंत फळ्यांची होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू चाळीत वर्गणी काढली असतीस. कुंदाच्या नावाने."

"काढली असती," सहदेव म्हणाला.

"म्हणून."

वाऱ्यावर खाडीचा वास येत होता. तिवरांत बगळे बसले होते. सहदेव उठला. पुढे चढ आहे, म्हणाला, हँडल तू धर, मी मागून लावतो. आणि त्याने मागच्या उंचवट्यावर दोन्ही हात ठेवून जोर दिला. गाळ्यापर्यंत ते तसेच आले. धोंडिराम मध्येच म्हणाला, सहा-सात मिनिटं काय पळाली ती, तुला सांगतो, डोळ्यांतून पाणी काढलं. वाऱ्याने, असं त्याने लगेच जोडलं.

गाडी मग वर्षानुवर्षं चालली. महिनाभर ती चारकोपला असायची, महिनाभर असल्फ्याला, टेकडीखालच्या किराणा दुकानाच्या वळचणीला. मागे कोणी बसू शकत नसे, त्यामुळे कुंदा आणि सुगंधा तिच्यावर कधीच बसल्या नाहीत, आणि दोघींना त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. पुढच्याच महिन्यात लहू आपली खाऱ्या हवेने खाल्लेली राजदूत ढकलत गाळ्याच्या दारात आला, हिलाही तशी करा म्हणून. त्याच्या पाठोपाठ अंधेरीची दोन कॉलेजातली पोरं आली. एकोणनव्वदला धोंडिरामने पंपांची नोकरी सोडली, आणि त्याच वसाहतीत दोघांनी मिळून मागच्या बाजूचा एक लहान गाळा घेतला. कुंदाने नारळ फोडला. तिची उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नसत. सहदेवने पुढे होऊन नारळ धरून ठेवला.

संपाबद्दल त्यांचं एकमत मात्र कधी झालं नाही. सहदेव म्हणायचा, सगळे तुझ्यासारखे आत गेले नसते तर जिंकलो असतो. धोंडिराम म्हणायचा, सगळ्यांच्या घरी तुझ्यासारखी गावची शेती नव्हती. आवाज चढायचे. शेजारच्या गाळ्यातली माणसं काम थांबवून ऐकायची. मग एखादं गिऱ्हाईक दारात गाडी लावून उभं राहायचं, आणि दोघांपैकी जो जवळ असेल तो हात पुसत उठायचा.